रंग वगळून पाहिलेलं शहर: कृष्णधवल स्ट्रीट फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरचे कृष्णधवल फोटो काढायला लागून मला बरीच वर्षं झाली. भेटेल तो साधारण तेच तेच प्रश्न विचारतो, आणि सुरुवातीला मीही तेच विचारत हिंडायचो. म्हणून उत्तरं एकदाच बैजवार लिहून ठेवतोय. काही प्रश्न तांत्रिक आहेत, काही भीडेचे आहेत. दोन-तीन ठिकाणी माझं मत जरा हट्टी वाटेल, तिथे खुशाल भांडा.

जग रंगीत आहे. मग फोटो काळा-पांढरा कशाला?

फोटो जुनाट, ‘कलात्मक’ वगैरे दिसावा म्हणून करत असाल तर नकाच करू. रंग काढण्याचं कारण वेगळं आहे.

रस्त्यावरचे रंग कुणी एकाने ठरवलेले नसतात. दुकानाची पाटी एका रंगाची, मागून जाणारी बस दुसऱ्या, कोपऱ्यातली प्लास्टिकची बादली तिसऱ्याच. समजा, जिन्याच्या पायरीवर एक बाई वर्तमानपत्र वाचत बसली आहे आणि तिच्या मनगटावर कवडसा पडलाय. तुम्ही थांबलात ते त्या कवडशामुळे. रंगीत फोटोत मात्र बघणाऱ्याची नजर आधी बादलीवर जाते, कारण बादली लालभडक आहे. रंग काढला की बादली करडी होऊन मुकाट्याने मागे सरते आणि मनगट पुढे येतं. त्या क्षणी तुम्हाला जे दिसलं होतं, त्याच्या जवळ जाणारा फोटो बहुतेक वेळा हाच असतो.

याला दुसरी बाजूही आहे. हिरव्या कुंपणासमोरून लाल छत्री घेऊन कुणी चाललंय, डोळ्यांना केवढा फरक दिसतो! कृष्णधवल केल्यावर दोन्ही एकाच करड्या छटेचे निघतात आणि छत्री कुंपणात विरघळून जाते. कारण डोळ्याला सगळे रंग सारखेच उजळ वाटत नाहीत. दूरचित्रवाणीच्या काळापासून वापरात असलेल्या एका नेहमीच्या सूत्रात उजळपणाचा हिशेब हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के असा धरतात. म्हणजे झगझगीत निळा आपल्याला रंग म्हणून कितीही ठसठशीत वाटला, तरी छटा म्हणून तो बराच गडद असतो. हे एकदा कळलं की ‘लाल-हिरवं’ असं बघायची सवय सुटते आणि ‘उजळ-गडद’ असं बघायची लागते. पहिल्या दोन महिन्यांत करायचं काम असलंच तर एवढंच.

तसे आपण सगळेच रोज थोडा वेळ कृष्णधवल बघतो. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख असतात, आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी १२ कोटींच्या घरात. दंडाकार पेशींना रंगांचं काही देणंघेणं नसतं. पहाटे दिवा न लावता स्वयंपाकघरात जाऊन उभे राहा. भांडी दिसतील, कडा दिसतील, रंग दिसणार नाहीत.

म्हणजे रंगीत फोटो काढणारे चुकतात?

अजिबात नाही. सॉल लायटर १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रंगीत फोटो काढत होता आणि त्यात एक लाल छत्रीच सगळं सांगून जाते. आपल्याकडे रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगच निवडला. रंग हाच फोटोचा विषय असेल तर तो काढून टाकणं म्हणजे गाण्यातून सूर काढण्यासारखं. फोटो रंगीत जमला नाही, म्हणून कृष्णधवल करून बघू, ही मात्र वाईट खोड आहे. मला ती तीन वर्षं होती.

माझ्या रोजच्या वाटेवर बघण्यासारखं काहीच नाही. तिथे सौंदर्य सापडणार कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

मी रोज सकाळी एका बसथांब्यावर उभा राहतो. मागे सिमेंटची भिंत आहे, ओल लागून पोपडे निघालेली. एक लोखंडी बाक, एक वाकलेला खांब, बस्स. थांब्यावर एक आजोबा यायचे. बाक रिकामा असला तरी बसायचे नाहीत, भिंतीला टेकून पेपर वाचायचे आणि दर तीन-चार मिनिटांनी एक पाऊल डावीकडे सरकायचे. मला वाटलं, गुडघे दुखत असतील, एका जागी उभं राहवत नसेल.

एका थंडीत मी नीट बघितलं. ती भिंत सकाळी पूर्ण सावलीत असते. पण समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काचेची खिडकी आहे, तिच्यावर ऊन पडतं आणि परावर्तित होऊन भिंतीवर येतं. दाराएवढा उजेडाचा एक तुकडा, कडा थोड्या थरथरत्या, कारण जुनी काच सपाट नसते. आजोबा त्या उबेत उभे राहायचे आणि तुकडा सरकला की तेही सरकायचे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. आरसा जागचा हलत नसेल तर परावर्तित किरणही तेवढाच कलतो. रस्ता २० मीटर रुंद धरला तर भिंतीवर तो एक अंश साधारण ३५ सेंटीमीटर भरतो. म्हणजे बरोबर एक पाऊल.

मग लक्षात आलं की थांब्यावरून जाणारा प्रत्येक माणूस त्या तुकड्यातून जातो. दोन पावलं अंधारात, एक पाऊल उजेडात, पुन्हा अंधारात. त्या एका पावलात शाळेची पिशवी, ओले केस, जांभई, कानामागे खोचलेली पेन्सिल असं काहीही उजळून निघायचं. जागा तीच होती, चार वर्षांपासून मी तिथेच उभा होतो.

त्यामुळे ‘कुठे सापडेल’ असं विचारण्यापेक्षा ‘इथे उजेड कुठून येतोय’ असं विचारा. रस्त्यावर उजेड फक्त आकाशातून येत नाही. काचेवरून येतो, पांढऱ्या भिंतीवरून येतो, ओल्या फरशीवरून येतो, उभ्या गाडीच्या टपावरून येतो. गल्लीच्या तोंडाशी एक पट्टा पडतो, जिन्याच्या जाळीतून चौकटी पडतात. असा एक पट्टा सापडला की पुढचं काम रस्ता करतो.

चालत राहायचं की एका जागी थांबायचं?

दोन्ही जमायला हवं. थांबणं आधी शिका. आधी पार्श्वभूमी निवडायची, चौकट मनात पक्की करायची आणि माणूस येण्याची वाट बघायची. गळ टाकून बसल्यासारखं. पंधरा मिनिटांत कुणीच आलं नाही तर हरकत नाही. पहिली पाच मिनिटं लोक तुमच्याकडे बघतात, मग तुम्ही खांबाइतकेच जुने होता.

पार्श्वभूमी का महत्त्वाची, याचं एक जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण ते पुरतं कुणी बघत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे एका माणसाचा फोटो काढला, पाण्यावरून उडी मारताना, टाच टेकायला केसभर अंतर असताना. सगळे त्या टाचेचं कौतुक करतात. मागच्या भिंतीवर बघा. तिथे एक पोस्टर आहे आणि त्यातही एक आकृती उडी घेतेय, उलट्या दिशेने. त्याने हा फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतला होता, त्यामुळे नंतर कडा कापावी लागली. एरवी तो फोटो कापायच्या अगदी विरोधात होता. तेव्हा चौकटीबाबत फार सोवळेपणा ठेवू नका.

कॅमेरा कुठला घ्यावा?

जो खिशात मावतो तो. याहून लांब उत्तर खरं तर गरजेचं नाही, पण थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात कारण दडलंय.

१९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत लायका हा जर्मन कॅमेरा बाजारात आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरायची आणि २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट मिळवायची, एवढीच युक्ती. पण कॅमेरा तिपाईवरून उतरून हातात आला, आणि रस्त्यावरचा माणूस आपला फोटो निघतोय म्हणून ताठ उभा राहायचा थांबला. अशी फोटोग्राफी मुळात लहान कॅमेऱ्यातून फोफावली. आजचा मोबाइल त्याच वंशातला आहे. कुणी कॅमेरा म्हणून त्याच्याकडे बघत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. त्याचा दोष असा की उजेड कमी झाला की तो स्वतःच्या मनाने सावल्या उजळतो, आणि तुम्हाला हवा असलेला काळोख पुसून टाकतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, हाताने खाली ओढायची सवय लावा.

फक्त कृष्णधवल फोटो काढणारे डिजिटल कॅमेरेही असतात. लायकाने २०१२मध्ये असा एक काढला. साध्या सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची जाळी असते, ती अशा कॅमेऱ्यात नसते. जाळी नसल्याने उजेड जास्त पोचतो आणि तपशील अधिक रेखीव येतो. छान असतात, महाग असतात, आणि त्यांच्याशिवाय कुणाचं अडत नाही.

लेन्स?

फोकल लेंग्थ २८, ३५ किंवा ५० मिलिमीटर; आकडा लहान तितकी चौकट रुंद. एकच घ्या आणि वर्षभर बदलू नका. लांब पल्ल्याची झूम लेन्स घेऊन रस्त्यापलीकडून चेहरे ओढून घेणं मला पटत नाही. त्या फोटोंत फोटो काढणारा कुठेच नसतो.

सेटिंग काय ठेवता?

बऱ्याच जणांना वाटतं की क्षण हुकतो तो बोट संथ असल्यामुळे. खरं तर तो हुकतो फोकसमुळे. कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि माणूस निघून जातो. यावर जुना उपाय म्हणजे अंतर आधीच ठरवून ठेवणं. ३५ मिलिमीटरची लेन्स, फुल-फ्रेम कॅमेरा (सेन्सर त्याच २४ गुणिले ३६ मिलिमीटरचा), ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ ८, आणि फोकस हाताने ३ मीटरवर. असं केलं की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फोकसचा विचार संपला. फक्त ३ मीटर म्हणजे किती, हे डोळ्याला कळायला हवं. मी घरातल्या दारापासून भिंतीपर्यंत मोजून पाठ केलं होतं. घरचे हसत होते.

शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याची वेळ, चालणाऱ्या माणसासाठी १/२५० सेकंद, धावणारं मूल असेल तर १/५००. उन्हात कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर भरवसा नसेल तर ‘सनी सिक्स्टीन’चा नियम वापरा: लख्ख उन्हात एफ १६ ठेवलं तर शटर स्पीड आयएसओच्या (उजेडाबद्दलच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याएवढा. आयएसओ ४०० असेल तर १/४००. तिथून ॲपर्चर एफ ८वर आणलं, म्हणजे दोन स्टॉप उघडलं (दर स्टॉपला उजेड दुप्पट), की शटर दोन स्टॉप वेगवान करायचा, १/१६००.

आणखी एक. डिजिटलवर उजळ भाग एकदा पांढराफटक झाला की त्यात काहीच परत आणता येत नाही. सावल्यांतून मात्र बरंच काढता येतं. म्हणून एक्स्पोजर उजेडासाठी लावा आणि सावली काळी पडू द्या. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्मवर गणित बरोबर उलटं असतं, तिथे सावली जपावी लागते.

भर दुपारी फोटो काढू नयेत म्हणतात. खरं का?

लग्नाच्या फोटोंसाठी खरं असेल. रस्त्यावर दुपारचं कडक ऊन मला आवडतं. डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात, टोपीखाली चेहरा नाहीसा होतो, खांब जमिनीवर शाईने ओढल्यासारखे दिसतात. रंगीत फोटोत हेच ऊन रुक्ष वाटतं. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन सोपं असतं, कारण सावल्या लांब असतात आणि प्रत्येक खडबडीत भिंत आपोआप बोलकी होते.

ढगाळ दिवशी उजेड सपाट असतो. अशा वेळी सावल्यांचा नाद सोडा, चेहरे आणि हात बघा. पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास तर सोडूच नये. डांबर काळंभोर होतं, आकाश डबक्यात उतरतं, आणि छत्री मिटावी की नाही या विचारात अख्खा रस्ता अर्धवट उघड्या छत्र्या घेऊन चालत असतो.

रात्री दिव्याखाली उभे राहा, दिव्याकडे तोंड करून. पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाई १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक्स्पोजरची वेळ सिगारेटवर मोजायचा. थोडा उजेड असला तर एका जातीची, मिट्ट काळोख असला तर तिच्याहून सावकाश जळणारी. आता आयएसओ ३२०० ठेवलं की हातात धरूनही फोटो निघतो. थोडी रवाळ निघाली प्रतिमा तर निघू द्या. कृष्णधवलमध्ये रवा खपतो, किंबहुना शोभतो.

कॅमेऱ्यातच कृष्णधवल ठेवू की नंतर करू?

दोन्ही. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा आणि रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) अधिक जेपेग (तयार फोटो) निवडा. पडद्यावर करड्या छटा दिसतील, त्यामुळे जागच्या जागी कळेल की छत्री कुंपणात हरवतेय. आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतील, ते पुढे कामाला येतात.

रंग फेकूनच द्यायचे तर ते कामाला कसे येतात?

प्रत्येक रंग करड्याच्या कुठल्या पायरीवर बसेल, हे तुम्ही ठरवू शकता. पूर्वी लेन्ससमोर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावायचे. लाल काच निळा उजेड अडवते, म्हणून आकाश काळवंडतं आणि ढग उठून येतात. आता तेच काम संगणकावर रंगांच्या पट्ट्या सरकवून होतं. निळा खाली ओढा, आकाश गडद. लाल-नारिंगी वर न्या, त्वचा उजळ. ती लाल छत्री आणि हिरवं कुंपण आठवतंय? लाल वर, हिरवा खाली, छत्री परत सापडते.

पण हात आखडता ठेवा. नवशिक्यांच्या फोटोंत मला एक चूक सतत दिसते: कॉन्ट्रास्ट इतका वाढवतात की फोटोत काळा आणि पांढरा एवढेच दोन उरतात. त्वचेचा रंग तर मुळीच मनासारखा उजळवू नका. गडद वर्णाच्या माणसाचा चेहरा त्याच्या छटेतच किती सुंदर उतरतो, ते आधी बघा. कृष्णधवल फोटोतलं बहुतेक काम मधल्या करड्यांतच चालतं. धूर, वाफ, जुना सुती सदरा, भिंतीवरची ओल हे सगळं करड्यात राहतं. मी रोज एक फोटो काळा-पांढरा न करता निव्वळ करड्यांत सोडायचा सराव केला होता. कंटाळवाणे निघाले बहुतेक, पण डोळा तयार झाला.

अनोळखी माणसाचा फोटो काढायची भीती वाटते. काय करू?

वाटू दे. ज्याला अजिबात वाटत नाही त्याच्याबरोबर मी फिरायला जात नाही.

माझी भीती गेली ती एका फजितीमुळे. एका पुलाच्या पायऱ्यांवर एक बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या, केस वाळवत. मी दुसरीकडेच बघतोय असं भासवून पोटाजवळून फोटो काढला. त्या सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, “काढायचा तर नीट काढा ना, असा चोरासारखा काय काढताय?” माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी फोटो दाखवला, तो वाकडा आणि धूसर होता. त्यांनी तो बघून मान हलवली आणि परत जाऊन पहिल्यासारख्याच उभ्या राहिल्या. दुसरा फोटो बरा आला. पण खरं सांगायचं तर पहिल्यात जे होतं ते दुसऱ्यात नव्हतं, आणि तो मी पुसून टाकला होता.

त्यातून मी एवढं शिकलो: कॅमेरा लपवू नका. गळ्यात दिसेल असा ठेवा, हालचाली सावकाश करा, फोटो काढल्यावर लगेच तोंड फिरवू नका. नजरानजर झाली तर मान लववा, हसा. कुणी “नको” म्हटलं तर तिथेच विषय संपला, पुसायला सांगितलं तर पुसा. सुरुवातीला पाठमोरी माणसं, सावल्या, हात, काचेतली प्रतिबिंबं एवढंच काढलंत तरी चालेल. कमरेशी धरून वरून बघायचे जुने कॅमेरे लोकांना कमी बुजवायचे, कारण फोटो काढणारा त्यांच्याकडे रोखून न बघता मान खाली घालून उभा असतो. तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा वर उघडत असेल तर तोच फायदा मिळतो. हे लपवणं नाही, फक्त रोखलेली नजर टाळणं आहे.

कायद्याचं काय? परवानगी लागते का?

देशागणिक उत्तर बदलतं, म्हणून जिथे काढताय तिथला नियम बघा. जर्मनीत १९०७च्या कायद्यानुसार माणसाची ओळख पटेल असं चित्र प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते. गर्दीच्या, सभा-मिरवणुकीच्या चित्रांना सूट आहे. हंगेरीत २०१४पासून फोटो काढायलाच संमती लागते. उलट न्यूयॉर्कमध्ये एका पादचाऱ्याने आपला रस्त्यावर काढलेला फोटो प्रदर्शनात लावल्याबद्दल दावा केला, तेव्हा न्यायालयाने २००६ साली तो फोटो कला आहे असं मानून दावा फेटाळला. जाहिरातीसाठी कुणाचा चेहरा वापरायचा असेल तर लेखी संमती घ्याच.

कायदा परवानगी देतो म्हणून फोटो काढलाच पाहिजे असं मात्र नाही. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात कोटात कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या प्रवाशांचे फोटो काढले. ते पुस्तकरूपाने आले १९६६ साली. मधली पंचवीस वर्षं मला त्या फोटोंइतकीच बोलकी वाटतात.

रस्त्यावर झोपलेल्या, भीक मागणाऱ्या माणसांचे कृष्णधवल फोटो फार प्रभावी येतात. काढावेत का?

मी काढत नाही. कृष्णधवलमध्ये सुरकुत्या आणि फाटके कपडे आपोआप ‘गंभीर’ दिसतात, आणि म्हणूनच तो फोटो फुकटचा असतो. झोपलेल्या माणसाला नको म्हणायचीही सोय नसते. तुम्ही त्यांच्याशी बोललात, त्यांच्याबरोबर वेळ घालवलात, त्यांचं काही सांगायचं आहे, तर ती वेगळी फोटोग्राफी झाली. जाता जाता टिपलेलं दुःख ही दुसऱ्याच्या घरातून न विचारता उचललेली वस्तू आहे.

फोटोत माणूस असायलाच हवा का?

नाही. पण माणूस नुकताच उठून गेलाय असं वाटायला हवं. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, अर्धवट पुसलेली पाटी, कठड्यावर राहून गेलेला एकच हातमोजा.

गंमत म्हणजे रस्त्याच्या ज्या सुरुवातीच्या फोटोत माणूस दिसतो, त्यात बाकी सगळी माणसं नाहीशी झाली आहेत. लुई दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या यांचा मागमूस उरला नाही, रस्ता ओस दिसतो. डावीकडे खाली कोपऱ्यात एकच माणूस टिकलाय. तो बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून एका जागी थांबला होता. पॉलिश करणाराही अंधुक दिसतो. शहरातल्या इतक्या लोकांमध्ये फोटोत उरले ते दोघंच, आणि तेही ठरवून नव्हे.

फिल्मवर काढावं का?

एकदा तरी. ३६ चौकटींत माणूस जपून बोट दाबतो, आणि काय आलं हे लगेच दिसत नसल्यामुळे मान खाली न घालता पुढचं बघत राहतो. त्याहून मोठी जादू तिच्यात आहे असं मला वाटत नाही. डिजिटल कॅमेऱ्याचा पडदा दिवसभर बंद ठेवलात तर निम्मं शिक्षण तिथेच होतं.

शंभरात किती चांगले निघतात?

माझे? एखादा. महिन्याला दोन ठेवण्यासारखे निघाले तर मी खूश असतो. रस्त्यावर काहीच आपल्या हातात नसतं, त्यामुळे फोटो भरपूर वाया जातात आणि ते तसंच असायचं.

निवडताना घाई नको. गॅरी विनोग्रँड काढलेले रोल वर्षभर तसेच ठेवायचा, म्हणजे काढतानाचा आनंद विसरला जातो आणि फोटो कोरा बघता येतो. तो १९८४ साली गेला तेव्हा २५०० रोल धुवायचे राहिले होते. हे टोक झालं. दुसरं टोक व्हिव्हियन मायरचं. ती मुलं सांभाळायचं काम करायची आणि फावल्या वेळात, बहुतेक शिकागोत, फोटो काढत हिंडायची. एक लाखाहून जास्त चौकटी काढल्या आणि जवळपास कुणालाच दाखवल्या नाहीत. २००७मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा त्या बाहेर आल्या. २००९मध्ये ती वारली. मी मधला मार्ग धरतो. महिनाभर फाइल उघडत नाही. मग आवडतील त्या पोस्टकार्डाच्या आकारात छापून जमिनीवर मांडतो आणि दोन दिवस त्यांच्यावरून ये-जा करतो. तिसऱ्या दिवशी जे उचलून बाजूला ठेवावेसे वाटत नाहीत ते राहतात.

एकाच जागेचे फोटो काढून कंटाळा येत नाही?

येतो की. पण जागा तीच राहते असं आपण धरून चालतो, तसं होत नाही. उन्हाळ्यात सूर्य वर चढला की माझ्या भिंतीवरचा उजेडाचा तुकडा खाली घसरून फुटपाथवर यायचा, नुसते पाय उजळायचे. ते पाय काढण्यात एक अख्खा मोसम गेला. गेल्या वर्षी समोरच्या इमारतीच्या खिडक्या बदलल्या, दुधी काचा आल्या, आणि तुकडा कायमचा गेला. तोवर माझ्याकडे त्या भिंतीच्या तीनशेवर चौकटी झाल्या होत्या, त्यातल्या चार ठेवल्या.

आजोबा आता बाकावर बसतात. चारांपैकी एका फोटोत ते आहेत, पेपर उघडा, अर्धा चेहरा उजेडात. तो छापून मी त्यांना नेऊन दिला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “टोपी वाकडी आहे. सांगायचं नाही का?”